रुपयामागे तीन पै

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजीराजांची गादी, सरस्वतीमहालातील पोथ्या आणि बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली कोरलेला मराठी शिलालेख आठवतो. याच मुलखात, कावेरीच्या मुखाकडील भातखाचरांमधून, एक आगगाडी धावते. तिची हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ती कोणा राजाच्या औदार्याने आली नाही. जमीनधारकांनी भरलेल्या एका लहानशा पट्टीच्या बळावर ती उभी राहिली.

या प्रदेशात पहिली आगगाडी आली ती १८६१ साली. ग्रेट सदर्न ऑफ इंडिया या कंपनीने नागपट्टणम बंदरापासून तंजावरपर्यंत रूळ टाकले आणि पुढल्याच वर्षी ते तिरुचिरापल्लीपर्यंत नेले. बंदर आणि मोठी शहरे यांची सोय झाली; परंतु तिरुवारूरच्या दक्षिणेकडील गावे बाजूलाच राहिली. या गावांची अडचण त्यांच्या सुपीकतेतच दडलेली होती. नदीने आणलेल्या गाळाची ही भूमी. रस्त्यासाठी दगड मिळणे कठीण, आणि पावलोपावली पाट व कालवे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडील पाऊस सुरू झाला की चिखलात बैलगाडीचे चाक रुतून बसे. भात पिके, पण बाजारापर्यंत जाईना.

यावर तंजावरच्या जिल्हा बोर्डाने उपाय योजला. १८७८ पासून रेल्वेसाठी वेगळी पट्टी बसविण्यात आली. तिचा दर होता जमिनीच्या वार्षिक खंडाच्या दर रुपयामागे तीन पै. त्या वेळी रुपयाच्या १९२ पै होत. म्हणजे तीन पै हा जुना एक पैसाच. रक्कम क्षुल्लक दिसते खरी. पण ज्याच्या गावावरून रूळ जाणार नव्हते, त्यालाही ती द्यावी लागे. शेजारच्या गावाच्या सोयीत आपलेही हित आहे, हे मानल्यावाचून अशी पट्टी न्याय्य वाटणे शक्य नाही. या पट्टीच्या आधाराने १८९४ साली मायावरम, म्हणजे आजचे मयिलाडुतुरै, ते मुत्तुपेट हा मार्ग सुरू झाला. १९०२ साली तो पट्टुकोट्टैला आणि १९०३ साली अरंतांगीला पोहोचला. एकूण लांबी ९९ मैल. मालकी बोर्डाची आणि गाड्या चालविण्याचे काम साउथ इंडियन रेल्वे कंपनीचे, अशी व्यवस्था होती.

नन्निलम, तिरुनेल्लिक्कावल, तिरुत्तुरैप्पूंडी ही या मार्गावरील स्थानके. शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुले, कामावर निघालेले नोकरदार, बाजारकरी बाया, तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींच्या रथोत्सवाला निघालेले यात्रेकरू, अशा सर्वांना स्थानकाचा फलाट एकत्र आणतो.

अशा स्थानकाची खरी किंमत ते मुके झाल्यावर कळते. मीटरमापी रूळ काढून रुंदमापी रूळ घालण्यासाठी २०१२ च्या सुमारास तिरुवारूर ते कारैकुडी हा मार्ग बंद झाला. संपूर्ण मार्गावर गाडी पुन्हा धावू लागली ती जून २०१९ मध्ये. जे मूल मार्ग बंद होताना पहिलीत होते, ते एव्हाना आठवीत गेले होते. शिवाय फाटकांवर पुरेसे पहारेकरी नव्हते. म्हणून फाटकवाल्यांनाच गाडीत बसविण्यात आले. ते प्रत्येक फाटकाशी उतरत, फाटक लावीत, गाडी पुढे गेली की ते उघडून पुन्हा गाडीत चढत. सुमारे १५० किलोमीटरच्या या प्रवासाला सहा तासांहून अधिक वेळ लागे. पुढे फाटकांवर माणसे नेमली गेली, तेव्हा कोठे वेग वाढला.

लहान मार्गांचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर राष्ट्रीय रेल्वेचे तोट्यातील फाटे बंद पडू नयेत म्हणून इवाते प्रांत आणि तेथील नगरे-गावे यांनी भांडवल घालून सानरिकू रेल्वे उभारली. १९८४ साली ती सुरू झाली. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीने तिचे रूळ व पूल उद्ध्वस्त केले. तरीही पाचव्याच दिवशी एका लहानशा टप्प्यावर गाडी सोडण्यात आली, आणि २०१४ च्या एप्रिलात तो सारा मार्ग पुन्हा खुला झाला.

तंजावरच्या त्या मार्गावर आज जिल्हा बोर्डाची मालकी उरलेली नाही. तो भारतीय रेल्वेच्या विशाल जाळ्याचा एक धागा झाला आहे. हिशेबाच्या वहीत तिरुनेल्लिक्कावलसारख्या स्थानकाचे उत्पन्न मोठ्या जंक्शनापुढे नगण्यच दिसणार. परंतु तेथे गाडी थांबावी की नाही, याचा विचार करताना केवळ आजची तिकिटविक्री पाहून भागणार नाही. पहिले चाक फिरण्यापूर्वी सोळा वर्षे या भागातील लोक तिचे मोल चुकवू लागले होते, हेही त्या हिशेबात धरावयास हवे.