अक्षता पडल्यावर गर्दी कुठे वळते?

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याभोवती मुंगी शिरायला जागा नसते. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, आणि सगळ्यांची तोंडं कट्ट्याकडे. ‘सत्यम् सत्यम्’च्या गजरात अक्षता पडतात आणि क्षणात सगळे वळतात. कुणाला सिद्धेश्वरांचं दर्शन हवं असतं, कुणाला घर, तर पोरांना होम मैदानावरचे पाळणे.

त्या वळण्याचा अंदाज आधी बांधण्यासाठी संगणकात माणसं उभी करता येतात. त्यांना ‘एजंट’ म्हणतात. प्रत्येकाला ठरवून दिलेलं असतं: जायचं कुठे, चालायचं किती वेगानं, दुसऱ्याच्या किती जवळ जायचं. दर क्षणी तो आजूबाजूला पाहतो आणि पुढचं पाऊल टाकतो. कोंडी करायला कुणीच सांगितलेलं नसतं. ती आपोआप होते. डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी 1995 मध्ये अशा चालण्याचं गणित मांडलं. पुढे 2000 मध्ये हेल्बिंग यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं, की अरुंद दारातून सगळ्यांनीच घाई केली तर माणसं एकमेकांत अडकतात आणि बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो.

पण हे गणित परदेशी आकड्यांवर चालवून भागत नाही. भारतीय आणि जर्मन माणसांच्या चालण्याची तुलना 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. गर्दी वाढली की जर्मन माणसाचा वेग जितका पडतो, तितका आपला पडत नाही. आपण अधिक जवळून चालतो. शिवाय यात्रेत एकटा माणूस क्वचितच असतो. आजीचा हात आईच्या हातात, पोर बापाच्या खांद्यावर. चौघांचा वेग आजीच्या पावलांवर ठरतो आणि एक जण मागे राहिला तर तिघे उलटे फिरतात. असं कुटुंब गणितात नसेल तर ते गणित गड्ड्याच्या उपयोगाचं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

हेतू बदलला की धोका कसा वाढतो, हे मुंबईनं 29 सप्टेंबर 2017 रोजी पाहिलं. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर काही जण पावसामुळे थांबले होते, मागून लोक येतच होते. त्या चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. उभं राहायचं ठरवलेला माणूसही एजंटच. आराखड्यात त्याला वगळून चालत नाही.

सोलापुरात एका बाजूला तलाव, दुसरीकडे दुकानांच्या रांगा. एखादी रांग मागे सरकवली, घरी जाणाऱ्यांची वाट दर्शनाच्या रांगेपासून तोडली, तर अक्षतेनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत काय होईल, हे यात्रेआधीच पडद्यावर शंभरदा तपासता येईल.