वऱ्हाडी ऊन, वऱ्हाडी तिखट आणि वाईनची घरगुती पारख

वाईनची पारख हा मोठ्या शहरांतील हॉटेलांचा विषय आहे असा समज अजूनही बराच रूढ असला, तरी मुळात ती नाक आणि जीभ यांनी शिस्तीने केलेली तुलना असते आणि ती बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या घराच्या जेवणाच्या टेबलावरही तितक्याच नेटकेपणाने करता येते. एकच वाईन एकटीच प्यायली तर तिच्याविषयी फारसे काही सांगता येत नाही. दोन-तीन वाईन शेजारी ठेवल्या म्हणजेच एकीचा आंबटपणा आणि दुसरीचा तुरटपणा वेगळा कळू लागतो. बुलढाण्यात या तुलनेच्या वाटेत ऊन आणि तिखट अशा दोन स्थानिक गोष्टी येतात, आणि त्यांना धरूनच तिची आखणी करावी लागते.

तुलनेसाठी लागणारी सामग्री राज्यातच तयार होते. १९८० च्या दशकात शाम चौगुले यांच्या इंडेज कंपनीने पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फेसाळ वाईन तयार करून ती परदेशातही पाठवली. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये नाशिकजवळ स्थापन केलेल्या सुला कंपनीने सोव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षजाती तेथे रुजवल्या. आणि राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर दिंडोरी, विंचूर, अकलूज अशा भागांत वायनरी उभ्या राहिल्या. येथील वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी करून नवी काडी तयार केली जाते, पावसाळा ओसरताना फळछाटणी होते आणि जानेवारी ते मार्च या काळात द्राक्षे उतरवली जातात, त्यामुळे हिवाळ्यातील थंड रात्रींत मण्यांमधील आंबटपणा टिकून राहतो. अशा बहुतेक पांढऱ्या वाईन ताज्या असतानाच चांगल्या लागतात, म्हणून बाटलीवर छापलेले पिकाचे वर्ष पाहून अलीकडची बाटली घेणे हिताचे असते.

बाटली घरी आली की उन्हाचा प्रश्न उभा राहतो. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर असल्याने तुलनेने सौम्य असले, तरी खाली पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा सहज ४० अंशांच्या पुढे जातो. अशा उष्णतेत वाईनमधील फळांचा गंध मरतो, रंग तपकिरीकडे झुकतो आणि चवीला शिजवल्यासारखी छटा येते. बुचाची बाटली असल्यास आतील द्रव फुगून बूच वर सरकण्याचाही संभव असतो. म्हणून स्वयंपाकघरातील फळी किंवा फ्रिजचा माथा या जागा टाळाव्यात आणि उन्हाळ्यात बाटली फ्रिजमधील भाजीच्या कप्प्यात ठेवावी. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा प्रचलित नियम युरोपातील थंड घरांना अनुसरून झालेला आहे; तेथे अभिप्रेत असलेले तापमान १६ ते १८ अंशांचे असल्याने वऱ्हाडात लाल वाईनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी लागते. पांढरी वाईन ८ ते १० अंशांना उत्तम लागते, पण फ्रिजमधून काढताच ती इतकी गार असते की तिचा गंध दबलेला राहतो, त्यामुळे ती दहा-पंधरा मिनिटे आधी बाहेर काढावी.

पहिल्या बैठकीला सोव्हिन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां, एखादी गुलाबी वाईन आणि शिराझ ही लाल वाईन अशा चार बाटल्या पुरेशा होतात. क्रम हलक्याकडून भारदस्ताकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे ठेवावा. येथे कोरडी याचा अर्थ जिच्यातील द्राक्षाची साखर आंबवण्याच्या क्रियेत जवळजवळ संपलेली आहे अशी वाईन. तोंडाशी निमुळता होणारा काचेचा ग्लास तृतीयांशापेक्षा कमी भरावा, म्हणजे वाईन गोल फिरवता येते आणि वर उठणारा गंध ग्लासातच साठतो. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून आधी रंग पाहावा, मग हुंगावे आणि शेवटी लहानसा घोट जिभेवर सगळीकडे फिरवावा. सोव्हिन्यॉं ब्लांमध्ये चिरलेल्या हिरव्या ढोबळी मिरचीचा जो वास येतो, तो पायराझिन या संयुगांमुळे येतो आणि तीच संयुगे त्या मिरचीतही असतात. शिराझमधील काळ्या मिरीचा वासही असाच मिरीतील रोटंडोन या घटकाचा असतो. लाल वाईनचा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतील आणि बियांतील टॅनिनमुळे येतो, कारण टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते आणि हिरड्या जांभूळ खाल्ल्यावर आवळतात तशा आवळतात. व्यावसायिक परीक्षक प्रत्येक घोट थुंकून टाकतात, आणि घरीही टेबलावर त्यासाठी भांडे ठेवणे योग्य ठरते, कारण वाईनमध्ये साधारण ११ ते १४ टक्के मद्यार्क असतो आणि मद्यार्काचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

जेवणाशी जोड घालताना वऱ्हाडी तिखटाचा हिशेब वेगळा करावा लागतो. मिरचीतील कॅप्सेसिन तोंडातील उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते आणि मद्यार्क त्याच तंतूंना अधिक संवेदनशील करतो, त्यामुळे पाटवडीच्या झणझणीत रश्श्यासोबत मद्यार्क जास्त असलेली तुरट लाल वाईन घेतल्यास रस्सा अधिक जाळतो आणि वाईन कडवट भासते. तोच रस्सा किंचित गोडसर, गार शेनिन ब्लांबरोबर घेतला तर गोडवा तिखटाची धार बोथट करतो. शेगावच्या कचोरीचा तेलकटपणा आंबट सोव्हिन्यॉं ब्लां किंवा फेसाळ वाईन कापून काढते. आणि शिराझसाठी तिखट बेताचे ठेवून केलेले वांग्याचे भरीत अधिक जुळते, कारण भाजलेल्या सालीचा धुरकट वास तिच्या मिरीच्या छटेला पूरक ठरतो. चव घेण्याची बैठक मात्र जेवणापूर्वी आटोपावी, कारण ठेचा एकदा तोंडात गेला की नाजूक फरक कळेनासे होतात.

पारखीतील सर्वांत मोठा अडथळा मात्र डोळ्यांचा असतो. फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन लाल रंग मिसळलेली पांढरी वाईन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाईनला शोभणाऱ्या शब्दांत केले. किंमत आणि नाव यांचाही असाच प्रभाव पडतो. म्हणून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर क्रमांक घालावेत, ओतणाऱ्याने गुण देऊ नयेत, आणि आंबटपणा, तुरटपणा, गंध व तोंडात रेंगाळणारी चव यांविषयी प्रत्येकाने आपापसांत न बोलता एकेक ओळ लिहावी. कागद सोडवण्यापूर्वी या नोंदी एकत्र वाचल्या की कोणाची जीभ आंबटाला तीक्ष्ण आहे आणि कोणाची तुरटाला, हे समजते. महागड्या बाटलीला कमी गुण पडले असतील, तर तेही नि:संकोच मान्य करावे. पुढची बाटली दुकानदाराच्या शिफारशीवरून किंवा किमतीवरून न घेता स्वतःच्या वहीतील नोंदीवरून निवडता येऊ लागली, की घरगुती पारखीचे काम साधले असे म्हणता येते.