सूर्यामागे फिरणारे आरसे आणि जळणाचा हिशेब

रंगाई, धुलाई, खानावळ, दूधप्रक्रिया अशा धंद्यांत जळणाचा खर्च नफा खाऊन टाकतो. ही उष्णता उन्हातून मिळू शकते. मात्र पैसा गुंतवण्यापूर्वी आपल्या व्यावसायिक बांधवांनी तिचे गणित समजून घ्यावे.

अंतर्गोल आरसा मोठ्या क्षेत्रावरचे ऊन एका ठिपक्यात गोळा करतो. पण सूर्य आकाशात तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका. आरसा स्थिर राहिला तर ठिपका भांड्यावरून निसटतो. म्हणून आरसा सूर्यामागे फिरवावा लागतो.

ऑस्ट्रियाचे वोल्फगांग शेफलर यांनी यावर सोपी युक्ती काढली. त्यांचा आरसा पृथ्वीच्या अक्षाला समांतर दांड्याभोवती फिरतो, ठिपका मात्र एकाच जागी राहतो. त्यामुळे चूल छपराखाली ठेवता येते. ऋतूनुसार आरशाचा कल व बाक तेवढा बदलावा लागतो. शिर्डीच्या साईबाबा संस्थानात 2009 मध्ये असे 73 आरसे बसवून त्यांच्या वाफेवर स्वयंपाक सुरू झाला. लातूरला महानंद डेअरीत 2006 मध्ये 160 चौरस मीटरची 'अरुण' तबकडी दूध पाश्चरीकरणासाठी बसवण्यात आली.

आता हिशेब पाहू. लख्ख उन्हात एक चौरस मीटरवर सुमारे 800 वॉट थेट ऊन पडते. त्यातले निम्मे हाती येते असे धरा. सूर्यासमोर 10 चौरस मीटर आरसा असेल तर 4 किलोवॉट, पाच तासांत 20 युनिट उष्णता. म्हणजे रोज साधारण अडीच किलो गॅसची बचत. असे 240 दिवस मिळाले तर वर्षाला 600 किलो, म्हणजे 19 किलोची 31 सिलिंडरे. या बचतीत यंत्राची किंमत किती वर्षांत वसूल होते ते ताडून पाहावे.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आरशाला थेट ऊनच लागते. ढगाळ दिवशी तो निरुपयोगी ठरतो. म्हणून जुना बॉयलर मोडीत काढू नये. आरशावर धूळ साचू देऊ नये. केवळ कोमट-गरम पाणी हवे असेल तर छतावरचा साधा सोलर हीटर पुरतो. आरशाचा खटाटोप नको.

आपल्या वेल्डिंग कारागिरांनीही इकडे लक्ष द्यावे. शेफलर आरसा म्हणजे लोखंडी सांगाडा आणि त्यावर बसवलेले काचेचे तुकडे. तो साध्या वर्कशॉपमध्ये तयार व्हावा, अशाच बेताने त्याची रचना केली आहे. माप अचूक असले पाहिजे, एवढीच अट!