मागावरचा दुष्काळ

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सोलापूर जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक असते. पंधराव्या शतकातील घोर दुष्काळात, बेदरच्या बादशहाच्या वतीने त्या ठाण्याचा कारभार पाहणाऱ्या या अंमलदाराने वरच्या हुकमाची वाट न पाहता सरकारी कोठारे भुकेल्या रयतेस खुली केली, आणि बादशहाने त्यास जाब विचारण्यापूर्वीच पंढरीच्या विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत खजिन्यात भरली, अशी ती कथा. कीर्तनकार तीत भक्तीचा महिमा पाहतात, व ते योग्यच आहे; पण किंचित हिशेबी दृष्टीने पाहिले तर अर्थशास्त्राचा एक कठोर सिद्धांतही तीत सापडतो. माणसे उपाशी होती आणि तरीही कोठारे भरलेली होती. शिवाय, भुकेल्याच्या मुखी पडलेल्या दाण्याचे मोल कोणीतरी चुकते केल्यावाचून दफ्तरातील खाते मिटत नव्हते, इतके की खुद्द देवालाही रसीद घ्यावी लागली!

१८७६ साली पावसाने पाठ फिरवली तेव्हा हाच सिद्धांत देवाच्या मध्यस्थीवाचून पुन्हा प्रत्ययास आला. आगगाडी सोलापुरास १८६० मध्येच पोहोचली होती, त्यामुळे बाहेरचे धान्य जिल्ह्यात आणणे अशक्य नव्हते व ते येतही होते. परंतु रुळांना दयामाया नसते, आणि जिकडे भाव अधिक तिकडे माल जावा हा व्यापाराचा धर्म असल्याने, दुष्काळाच्या त्याच वर्षांत हिंदुस्थानातील गहू विलायतेस रवाना होत राहिला.

या दुष्काळातील खरा बोलका साक्षीदार मात्र शेतकरी नव्हे, सोलापूरचा विणकर आहे. शेतकऱ्याचे पीक करपते ते डोळ्यांना दिसते. साळ्याचे, कोष्ट्याचे, तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाल्याचे काय करपले होते? माग शाबूत होता, हात शाबूत होते, सूतही मिळत होते. पण एरवी त्याचे लुगडे किंवा पागोटे विकत घेणारा कुणबी आता हाती आलेली प्रत्येक दमडी ज्वारीवर खर्चू लागला, आणि जुने वस्त्र ठिगळे लावून आणखी एक वर्ष वापरता येते तशी भूक एक वर्ष पुढे ढकलता येत नसल्याने, ज्या आठवड्यात बाजारात ज्वारीचा भाव चढला त्याच आठवड्यात कापडाचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. दुहेरी मार तो हाच: विकायचे ते स्वस्त, घ्यायचे ते महाग.

सरकारने दुष्काळी कामे काढली होती. आष्टीचा तलाव त्यांतलाच. पण जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारतर्फे पाहणीस आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी खर्चाच्या काळजीने पुरुष मजुराचा रोज एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा एवढ्यावर आणविला. ही मजुरी पोटास पुरत नाही म्हणून हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतील हकीकत गोळा करून सरकारदरबारी धाडली. याच वर्षी सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. तिला मजुरांची वाण पडली नसावी, हे उघड आहे.

दुष्काळी कामावर खडी फोडणारे विणकराचे हात पुन्हा बारीक सुतास लागत नाहीत ही गोष्ट सरकारच्या ध्यानी यायला पुढचा दुष्काळ उजाडावा लागला. १८९६-९७ मध्ये सोलापुरात विणकरांना सूत देऊन त्यांचे कापड विकत घेण्याचा उपक्रम झाला, आणि मागावरचा दुष्काळ मागावरच निवारता येतो हे दिसून आले. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात उपासमारीचे मूळ धान्याच्या तुटीपेक्षा धान्य मिळविण्याच्या सामर्थ्याच्या तुटीत शोधले, त्याला जगभर मान्यता मिळाली. सोलापूरच्या कोष्ट्याला मात्र ते शतकापूर्वीच पोटाने कळले होते.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून आपल्यात आहेत. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो, कामावर मिळणारी सुकडी, पाझर तलाव व नालाबांध यांची नुसती नावे काढली की त्यांचा चेहरा बदलतो. पिके सलग हुकली होती, परंतु १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसे कामांवर होती, त्यांच्या हाती रोख मजुरी पडत होती, आणि जेथे पैसा तेथे धान्य आपल्या पायांनी चालत येत होते. म्हणून १८७६ ची पुनरावृत्ती टळली. मोर्चे, वृत्तपत्रे व निवडणुकीला सामोरे जावे लागणारे सरकार यांचाही वाटा त्यात मोठा होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप आले, व २००५ मध्ये केंद्राने त्याच तत्त्वावर देशाच्या ग्रामीण भागासाठी कायदा केला.

जगाचा हिशेब यापेक्षा निराळा नाही. पृथ्वीवर दरवर्षी सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकते, म्हणजे माणशी रोज जवळजवळ एक किलो, टेंपलसाहेबांच्या पौंडाच्या दुप्पट. त्यातील तृतीयांशाहून अधिक जनावरांच्या गव्हाणीत जाते, काही इंधनात जळते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ साली सुमारे ६७ कोटी माणसे उपाशी होती.

आपल्या घरचे पाहू. उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, कारण उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि दारात कारखाना आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील मालदांडी ज्वारी, मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडून दिलेले ते नामांकित वाण, अजून आभाळाकडे पाहून पेरली जाते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला, २०२३ पासून ते मोफतही झाले, आणि ही सामान्य गोष्ट नव्हे. पण तो हक्क धान्याचा आहे, कामाचा नव्हे. रोजगाराची कायदेशीर हमी आहे ती ग्रामीण कुटुंबांना. सोलापूर शहराच्या पूर्व भागात चादरीची आणि टॉवेलची मागणी घटून यंत्रमाग थांबला, तर त्यावर राबणाऱ्या विणकराला ती लागू होत नाही.