14 जणांमागे एक मावशी

सिस्टर आधी टाचा बघतात. मॅनेजर नवा रंग दिलेल्या भिंती, टीव्ही असलेला हॉल, व्हरांड्यातल्या कुंड्या दाखवत असतो. त्या सगळं ऐकून घेतात आणि पहिल्याच खोलीत पलंगाशी वाकून विचारतात, "आजी, पाय बघू का जरा?" मग पांघरूण बाजूला सारून टाच अलगद तळहातावर घेतात. लालसर दिसली तर बोटाने दाबतात. दाबल्यावर लाली गेली आणि बोट काढल्यावर परत आली, तर अजून वेळ गेलेली नसते. दाबूनही लाली हटली नाही, तर ती बेडसोरची पहिली पायरी. चौथ्या पायरीला जखम हाडापर्यंत पोचलेली असते. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून त्या हाताच्या मागच्या बाजूने ऊब आणि कडकपणाही तपासतात. टाच, खुबा, माकडहाड. हाड कातडीला टेकतं अशा या तीन जागांवरून त्या घराची निम्मी परीक्षा झालेली असते.

सिस्टर पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या आहेत. अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांसाठी जागा शोधणाऱ्या ओळखीच्यांबरोबर त्या जातात, पैसे घेत नाहीत. "वृद्धाश्रम नुसता दिवसा बघायचा नसतो," हे त्यांचं वाक्य. ते ऐकल्यावर त्या नेमकं काय बघतात हे बघणं भागच होतं. या वेळी बरोबर होता हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा. आई 81 वर्षांची, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. बहीण मेलबर्नला. घरी ब्युरोच्या बायका ठेवून झाल्या, त्या टिकल्या नाहीत.

पुण्यात अशी घरं सिंहगड रस्ता, धायरी, वारजे अशा भागांत आहेत. बरीचशी भाड्याच्या बंगल्यांत, हॉलमध्ये पडदे लावून चार-चार पलंग टाकलेली. दाराजवळ भिंतीवर नोंदणीची चौकट असते आणि ती बघून नातेवाईक निर्धास्त होतात. त्या चौकटीत मात्र दर वेळी वेगळंच काही असतं. कुठे धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी, कुठे नुसता शॉप ॲक्टचा परवाना. 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याची चौकट आपल्याला माहीत आहे ती बहुधा रुग्णालयं आणि प्रसूतिगृहांमधून. 2007 च्या ज्येष्ठांच्या निर्वाह व कल्याण कायद्याचं कलम 19 म्हणतं की राज्याने दर जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम उभारावा. पण रात्री किती माणसं कामावर हवीत, हे भिंतीवरच्या चौकटीवरून कुणालाच कळत नाही.

पहिल्या घरातली फेरी मॅनेजरच्या मनासारखी चालली होती. चादरी स्वच्छ, जेवणाचा तक्ता लावलेला, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता अडकवलेला होता. दर दोन तासांनी एक खूण. सिस्टरांनी घड्याळ बघितलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि एका आजोबांच्या तक्त्यावर दुपारी चारची खूण आधीच झालेली होती. त्या काही बोलल्या नाहीत. तो तक्ता त्यांनी मुलाच्या हातात दिला.

वासाबद्दल त्या फार बारकाईने बोलतात. अंथरुणावरची माणसं आहेत तिथे सकाळी अंघोळीआधी लघवीचा वास येणारच. न आला तर उलट शंका घ्यावी. ताजा वास आणि मुरलेला वास यांत फरक असतो. ताजा वास पॅडचा असतो, तो पाच मिनिटांत जातो. मुरलेला गादीतून, पडद्यातून, उशीच्या अभ्र्यातून येतो आणि त्यावर फिनाईल ओतलं की दोन्ही मिळून घशाशी येतं. या घरात मागच्या खोलीचं दार उघडल्यावर तसंच झालं. गादीचं रेक्झिनचं कव्हर शिवणीत फाटलं होतं आणि आतला काथ्या ओला होता.

तिथेच मावशी भेटली. नांदेडकडची, चाळिशीच्या आतबाहेरची, रात्रपाळी संपवूनही थांबलेली, कारण दिवसाची बाई आली नव्हती. एका आजींना ती कुशीवर वळवत होती. ओढून नाही. ओढलं की कातडी चादरीला घासून फाटते. पाठीखाली आधीच घातलेल्या आडव्या चादरीची कड दोन्ही मुठींत धरून तिने आजींना स्वतःकडे घेतलं, पाठीमागे उशी सरकवली, पोटरीखाली दुसरी उशी दिली, टाच अधांतरी राहिली. आणि हे सगळं करताना आजींशी बोलणं चाललेलं. "आता खिडकीकडं तोंड करू हं आजी. पेरूचं झाड दिसंल." आजींना काही कळत होतं का, सांगता येत नाही. डोळे मात्र खिडकीकडे गेले. फायलीत कुठल्याही रकान्यात न मावणारी ही गोष्ट त्या घरातली सगळ्यात चांगली गोष्ट होती.

"रात्री किती जणी असता, मावशी?" सिस्टरांनी विचारलं.

"येकटीच. 14 जण हायेत." मग जरा थांबून, "दोन तासाला वळवायचं लिवलंय खरं. पर 14 जण हायेत."

14 जणांमागे एक. गाडीत बसल्यावर सिस्टरांनी त्याचं गणित मांडलं. 14 पैकी नऊ जण पूर्ण अंथरुणावर. एकाला नीट वळवायचं, पॅड बघायचं, ओलं असलं तर पुसून कोरडं करायचं, दोन घोट पाणी पाजायचं, तर दहा मिनिटं लागतात. नऊ जणांची नव्वद. दोन तासांतली उरली तीस मिनिटं. त्यात पाच चालती माणसं बाथरूमला न्यायची, विस्मरण झालेले एक आजोबा रात्री दाराशी जातात त्यांना परत आणायचं, दोन-तीन पॅडच्या पिशव्या बाहेर टाकायच्या. जड अंगाच्या माणसाला वळवायला दोघी लागतात आणि दुसरी तिथे नाहीच. हे बारा तास, न बसता. म्हणजे तक्त्यावरची खूण खोटी असण्यात मावशीचा दोष शोधायची गरज नाही. ज्याने 14 जणांमागे एक बाई ठेवली, त्याने ती खूण खोटी ठरवून ठेवलेली आहे.

दोन तासांचा नियम दगडावरची रेघ नाही, हेही सांगायला हवं. अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दाट फोमच्या चांगल्या गादीवर तीन किंवा चार तासांनी वळवूनही बेडसोर वाढलेले दिसले नाहीत. म्हणजे गादीवर पैसे खर्च केले तर मावशीचं ओझं खरोखर कमी होतं. पण त्यासाठी गादी तशी हवी. ओल्या काथ्यावर ही सवलत मिळत नाही.

काळजीची प्रत मोजायची कशी, हा प्रश्न जुना आहे. अव्हेडिस डोनाबेडियन या डॉक्टरांनी 1966 मध्ये त्याचे तीन भाग केले: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. इमारत, गाद्या, माणसं ही रचना. वळवणं, भरवणं ही प्रक्रिया. टाचेची कातडी हा परिणाम. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने शुश्रूषागृहांना नवे नियम लागू झाले आणि 2008 पासून सरकार त्यांना एक ते पाच तारे देतं. त्यातले कर्मचाऱ्यांचे आकडे अनेक वर्षं घरं स्वतःच कळवत होती. 2018 पासून पगारपत्रकावरून आकडे घेतले जाऊ लागले, तेव्हा शनिवार-रविवारी किती कमी माणसं कामावर असतात ते उघडं पडलं. ज्या देशात तपासनीस न सांगता दारात येतात, तिथे ही स्थिती. आपल्याकडे ते काम नातेवाइकांवरच येऊन पडतं. सिस्टर रविवारी संध्याकाळी जातात, त्याचं कारण हेच.

दुसरं घर रविवारी रात्री, साडेआठला. बंगला लहान, रंग उडालेला, कुंड्या नाहीत. अकरा माणसं आणि रात्रीला दोघी मावश्या. मॅनेजर घरी गेलेली होती. दार एका मावशीने उघडलं आणि फोन करून परवानगी घेतली. सिस्टरांनी टाचा बघितल्या, एका आजोबांची जीभ बघितली, कारण कोरडी, पांढऱ्या थराची जीभ पाणी कमी पडल्याचं सांगते. पाण्याचा पेला हाताला लागतो का, हे त्यांनी स्वतः पलंगाच्या काठावर बसून, हात लांब करून तपासलं.

मग त्यांनी पडल्याची वही मागितली. पहिल्या घरात उत्तर मिळालं होतं, "आमच्याकडे कुणी पडत नाही." इथे वही निघाली. तारीख, वेळ, कुठे, कुणी बघितलं, कुणाला फोन केला. एकाच महिन्यात दोन जण पहाटे पाचच्या सुमारास बाथरूमच्या उंबऱ्याशी पडलेले. पुढच्या पानावर आडवा दांडा बसवल्याची आणि उंबरा काढल्याची नोंद. मुलगा ते वाचून घाबरला, साहजिकच. सिस्टर त्याला म्हणाल्या, "म्हातारी माणसं पडतातच रे. इथे निदान लिहितात." वजनाची वही मात्र तीन महिने कोरी होती. महिन्यात पाच टक्के वजन घटलं तर डॉक्टरांनी ताबडतोब लक्ष घालायला हवं, आणि वजन केलंच नाही तर ते कळायचं कसं? हे त्यांनी मॅनेजरला तिथूनच फोनवर सांगितलं, मावशीसमोर नाही, बाहेर फाटकाशी येऊन.

आणखी एक गोष्ट त्या न चुकता बघतात: मनगटं. नाकातली नळी किंवा कॅथेटर ओढू नये म्हणून काही ठिकाणी हात पलंगाला बांधतात, आणि पट्टीचा वळ राहतो. दिवसा अकरा वाजता सगळेच गाढ झोपलेले असतील तर कुणाला कोणती गोळी दिली जाते, तेही त्या विचारतात. दुसऱ्या घरात मनगटं स्वच्छ होती. एका आजींच्या हातात कापडाची बाहुली दिलेली होती, हात गुंतून राहावेत म्हणून.

दुसऱ्या घराचे पैसे महिन्याला चार हजारांनी जास्त होते. मुलाने फाटकाशी उभं राहून मेलबर्नला फोन लावला. बहिणीने फोटो बघून पहिलं घर बरं म्हटलं. त्याने तिला 14 हा आकडा सांगितला आणि दहा मिनिटांचं गणित सांगितलं. मग ती काही बोलली नाही. आई आता दुसऱ्या घरात आहे, आणि त्या घराने वजनकाटा दुरुस्त करून घेतला आहे.

पहिल्या घरातली मावशी अजून तिथेच आहे. तिच्यासारखी हाताने जाण असलेली बाई 14 जणांत वाटून टाकणं हा तिच्यावरही अन्याय आहे आणि त्या आजींवरही. हे बदलायचं असेल तर नातेवाइकांनी महिन्याचा दर विचारतानाच रात्री किती जणी असतात, त्यांना किती पगार मिळतो, सुट्टी कधी मिळते, हेही विचारायला हवं. असे प्रश्न विचारणारी माणसं वाढली तर मालकांना त्यांची उत्तरं तयार ठेवावी लागतील. डिपॉझिट भरण्याआधी रविवारी रात्री एकदा न सांगता जा, आणि जमलं तर सोबत एखादी निवृत्त परिचारिका न्या. कुठे ज्येष्ठांचे हाल होत असल्याची शंका आली तर केंद्र सरकारची 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. त्यानंतर तातडीची गरज पडली तर 112 लावा.