उदरनिर्वाहाचे साधन काय?

मंडळी, हा प्रश्न माझा नाही, फॉर्ममधला आहे. गेल्या जानेवारीत आपल्या कॉलेजचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात होतं. त्यात घरोघरी जाऊन सर्व्हे करायचा होता. चौथ्या नंबरच्या रकान्यात हेच छापलं होतं आणि मी ते जसंच्या तसं एका आजींना वाचून दाखवलं.

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "काय म्हणतीस माय?"

मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यांदा. (आजींना ऐकू येत नसेल असं वाटलं. किती हुशार मी!) शेवटी माझी रूममेट पुढे झाली आणि म्हणाली, "आजी, पोटापाण्याचं कसं भागतंय?"

मग आजी बोलायलाच लागल्या. लेक आणि सून दिवाळीनंतर कोयत्यावर गेलेत, कारखान्याकडं. उचलीतले थोडे पैसे ठेवून गेलेत, रेशन मिळतं, घरात आजी आणि दोन नातवंडं. "चाललंय बघ," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. 'कोयता' म्हणजे काय हे मला रूममेटनेच नंतर सांगितलं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम असे कोयते मोजतो आणि सीझनच्या आधीच त्यांना उचल देतो, ती मग ऊस तोडून फेडायची.

मी कॉन्व्हेंटची. शाळेत आम्हाला सिनॉनिम्सच्या याद्या पाठ करायला लावायच्या, म्हणजे कुठलाही उचला आणि कुठेही बसवा! मराठीचंही तसंच असेल असं धरून मी रात्री यादी केली. उदरनिर्वाह, उपजीविका, चरितार्थ, गुजराण, पोटापाणी, रोजीरोटी. दिसायला सगळे एकच. पण कोण कुणाबद्दल बोलतंय हे बघितलं की एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

'निर्वाह' संस्कृतातल्या 'वह्' धातूपासून आला. वह् म्हणजे वाहून नेणे. प्रवाह, वाहन आणि (हसू नका) विवाह हे त्याचे भाऊबंद. पोटाचं ओझं शेवटपर्यंत वाहून नेणे म्हणजे उदरनिर्वाह. शब्द खरं तर छान आहे, पण तो कागदावर राहतो. सरकारी नोकर निलंबित झाला की त्याला 'निर्वाह भत्ता' मिळतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी स्कॉलरशिपच्या फॉर्मवरही हा शब्द पाहिला असेल. कोर्टात मात्र उलटं. पत्नी, मुलं किंवा आईवडील यांना मिळणाऱ्या रकमेला तिथे अजूनही 'पोटगी' म्हणतात. एवढ्या जड कायद्यात पोट कसं काय टिकून राहिलं, कोण जाणे.

'चरितार्थ'ची तर गंमतच आहे. आमच्या विंगमधली इंदूरची मुलगी म्हणाली, हिंदीत म्हण 'चरितार्थ' होते, म्हणजे खरी ठरते. संस्कृतातही ज्याचा हेतू साध्य झाला तो चरितार्थ. मराठीत येईपर्यंत साध्य करायचा हेतू एकच उरला, पोट भरणे! 'गुजराण' फारसीकडून आली, मूळ अर्थ दिवस जाणे. त्यामुळे तिच्यात टंचाई आहेच. महिनाअखेरीस आपली मॅगीवर होते ती गुजराण. कॅम्पसमधून लठ्ठ पॅकेज घेतलेल्या सीनियरची गुजराण होत नाही, त्याचं करिअर होतं. आणि 'तोंडमिळवणी' हिशेबाच्या वहीतली, जमेचं तोंड खर्चाच्या तोंडाशी मिळवायचं. आपल्या मेसच्या सेक्रेटरीला विचारा.

माझी खरी चूक पुढेच झाली. रिपोर्टच्या कच्च्या प्रतीत मी लिहिलं, "गावातील बहुसंख्य लोक पोटार्थी आहेत." पोट अधिक अर्थी, पोटासाठी कष्ट करणारे, असा माझा हिशोब. रूममेटने पान वाचलं, काही न बोलता त्या शब्दावर रेघ मारली आणि मग म्हणाली, "पोटार्थी म्हणजे फक्त पोटाकडं बघून काहीही करणारा. ही शिवी आहे. आवड नसताना पॅकेजसाठी ब्रँच घेतात ना, ते पोटार्थी."

ब्रँच मी तशीच घेतली आहे. गप्प बसले.

"मग 'हातावर पोट' लिहू?"

"लिही. पण तेही बाहेरची माणसं म्हणतात. माझी आई नाही म्हणत तसं. ती म्हणते, कोयत्यावर जातो."

दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहतो. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात हे मला त्या रात्री कळलं. तिने लपवलं नव्हतं. मीच पहिल्या दिवशी "वडील काय करतात?" विचारलं होतं आणि "शेती" ऐकून पुढे गेले होते. तेही खोटं नाही, दीड एकर आहे. तेव्हापासून लक्ष देऊन ऐकते आहे. ज्यांचं खरंच अवघड असतं ते यातलं एकही नाम वापरत नाहीत. त्यांचं सगळं क्रियापदांवर असतं. भागतंय, निभतंय, चाललंय, ढकलतोय. आणि करणारा 'मी' त्यात बहुतेक वेळा नसतोच.

छापील रिपोर्टमध्ये सरांनी भाषा प्रमाण करून घेतली. चौथा रकाना – उदरनिर्वाहाचे साधन: मजुरी.

परवा रात्री तिच्या आईचा फोन आला होता, तळावरून. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आईने विचारलं, "भागतंय का तुझं?" हिचं दोन महिन्यांचं मेसबिल थकलंय.

"भागतंय," ती म्हणाली. "तुमचं?"