पोटातले सोबती (भाग ६) : आंबोळी, ताक आणि वजनाचा काटा

गेल्या भागात आतड्यातल्या जिवाणूंची ओळख झाली. आता वजनाकडे येऊ. वजन उतरवायला प्रोबायोटिकची कॅप्सूल घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. मालवणात त्याला जोडून दुसरं वाक्य येतंच : आमच्याकडे आंबोळी असताना कॅप्सूल कशाला?

आधी आंबोळीचं. तांदूळ-उडदाचं पीठ रात्रभर आंबतं ते ल्युकोनोस्टॉकसारख्या जिवाणूंमुळे. ते आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात, म्हणून पीठ फुगतं आणि आंबोळीला जाळी पडते. पण तापल्या बिडावर पीठ पडलं की हे जिवाणू मरतात, आणि प्रोबायोटिक जिवंतच असावं लागतं. आंबवल्याने पीठ पचायला हलकं होतं, त्यातलं लोह शरीराला अधिक मिळतं. तो फायदा तव्यावरही टिकतो. सोलकढीचा आंबटपणा कोकमाचा असतो, आंबवण्याचा नव्हे. जिवंत जिवाणू हवेत तर ताजं ताक प्यावं. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती आहेत हे कुणी मोजलेलं नसतं, त्यामुळे त्याला औषध म्हणता येणार नाही. अन्न म्हणून मात्र ते उत्तमच.

लठ्ठपणा आणि जिवाणूंचा संबंध आहे का? आहे, पण गुंतागुंतीचा. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृश, सामान्य वजनाचे, लठ्ठ आणि लठ्ठपणावर शस्त्रक्रिया झालेले असे चार गट होते. लठ्ठ गटात बॅक्टेरॉइड्स हे जिवाणू आणि आर्किया हे सूक्ष्मजीव जास्त आढळले, शस्त्रक्रिया झालेल्यांत त्या मानाने कमी. मात्र जिवाणूंचे नमुने तपासले ते प्रत्येक गटात पाचच जणांचे. शिवाय जिवाणू बदलल्याने वजन वाढलं की वजन आणि आहारामुळे जिवाणू बदलले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही.

कॅप्सूलचा हिशेब अधिक स्पष्ट आहे. जास्त वजनाच्या ९५७ जणांवरच्या १५ चाचण्या २०१८ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. ३ ते १२ आठवडे प्रोबायोटिक घेऊन वजनातला फरक पडला सरासरी ०.६ किलोचा! एवढ्यासाठी दरमहा पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा पोटात आहेत त्यांनाच नीट जेवू घाला. काळ्या वाटाण्याची उसळ आणि कुळीथ यांतला तंतू आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि तिथले जिवाणू त्यावर जगतात. शिजवून गार झालेल्या भातातला थोडा स्टार्चही असाच न पचता खाली जातो. भात खाऊच नका असं मी म्हणणार नाही. पण ताटात भाताचा ढीग आणि उसळ चमचाभर, हे प्रमाण बदलायला हवं. उसळ एकदम वाढवलीत तर पोट फुगेल, म्हणून आठवड्या-आठवड्याने वाढवा, पाणी भरपूर प्या. केमोथेरपी चालू असेल किंवा अवयवरोपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊ नका.